बोरीच्या मुळांचा रिपोर्ट

दादा, मी तुला दिलेला रिपोर्ट चुकीचा होता.

हे वाक्य महिन्याभरात मी किती वेळा म्हटलं असेल याची गणतीच नाही. कुकर लावताना म्हटलं, गाडी सुरू करताना म्हटलं. परवा लॅबमध्ये एका माणसाच्या दंडाला रबर बांधता बांधता तोंडातून निघालं, तर तो बिचारा घाबरला. "कोणता रिपोर्ट, मॅडम?" मी म्हटलं, तुमचा नाही. ज्याला म्हणायचं होतं त्याला तेवढं म्हटलं नाही, आणि तो निघून गेला.

तेरवी होऊन आठवडा झाला. पाहुणे आपापल्या गावी गेले. मला एका जागी बसवत नाही. बसले की उठते, गॅस बंद आहे का बघते, परत येते, पुन्हा उठते. म्हणून हे उभ्याउभ्याच लिहिते आहे, ओट्यावर कागद ठेवून. तुला उलगडून सांगायचं तर सुरुवातीपासून सांगावं लागेल. त्यातलं बरंचसं तुला माहीत आहे. तरी ऐक.

नाचणगावच्या शिवारातलं ते तीन एकर बरड बाबांनी आपल्या दोघांच्या नावावर केलं, तेव्हा मी हसले होते. वीतभर माती, खाली मुरूम. पावसाळ्यात चार महिने हिरवं, मग आठ महिने नुसतं ऊन. तू हसला नाहीस. तू तेव्हा वीज कंपनीत लाईनमन होतास. तीस वर्षं तू दोनच कामं केलीस, खांबांसाठी खड्डे खणणं आणि तारांना लागणाऱ्या फांद्या छाटणं. रिटायर झाल्यावर झाडं लावायला लागलास, तेव्हा मी तुला चिडवलं, की हे प्रायश्चित्त चाललंय का? तू म्हणालास, प्रायश्चित्त नाही, खड्ड्यांमुळे.

मग त्या दिवशी माझ्या सिंदी मेघेच्या घराच्या पायरीवर बसून तू सांगितलंस ते मी पहिल्यांदा नीट ऐकलं. उघड्या बरडावर खांबाचा खड्डा खणायला घेतला, की उन्हाळ्यात माती सब्बलीखाली पिठासारखी सुटायची. पण जिथं शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, जुनी बोर नाहीतर हिवर असायचा, तिथं ऐन मे महिन्यातही ती ढेकळाढेकळांनी यायची. मुळांना चिकटून. हातात घेतली तर गार लागायची. पाण्याचा तर थेंब नाही, मग हे धरून कोण ठेवतं? हा प्रश्न तू वर्षानुवर्षं घेऊन हिंडलास. इंजिनिअरला विचारलास, शेतकऱ्यांना विचारलास. कुणी म्हणालं मुळं, कुणी म्हणालं सावली. रिटायर झाल्यावर शेतकऱ्यांच्या कुठल्याशा शिबिरात तुला उत्तर मिळालं. ते तू वहीत लिहून आणलंस. मायकोरायझा. तुझ्या वहीत मात्र 'मायकोराजा' होतं, आणि शेवटपर्यंत तू तेच म्हणत राहिलास.

मुळाच्या आत राहणारी बुरशी. झाड तिला आपल्यातली साखर देतं, आणि ती केसाहून बारीक तंतू मातीत लांबवर सोडते. माती वाळली, की तिच्यातलं उरलंसुरलं पाणी अशा बारीक भेगांत जाऊन बसतं, जिथं मूळ शिरू शकत नाही. तिथं हा तंतू शिरतो. पाणी आणतो, खत आणतो, आणि जाता जाता मातीचे कण एकमेकांना बांधून ठेवतो. तू हे सांगत होतास तेव्हा तुझे हात हवेत चालत होते, जणू खांबाखांबावरून तार ओढतोयस.

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "दादा, बुरशी म्हणजे काय ते मला नको सांगू."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतरचे ते महिने आठव. नाकातून, डोळ्यांमागून काढलेले तुकडे आमच्याकडे यायचे. मी ते पोटॅशच्या पाण्यात मऊ करून काचेवर घ्यायची, भिंगाखाली बघायची आणि ते रुंद, फाटे फुटलेले तंतू दिसले की लाल पेनानं लिहायची. आठवड्यानं तेच पेशंट एका डोळ्यावर पट्टी बांधून यायचे. काही यायचेच नाहीत. बुरशी हा शब्द माझ्यासाठी तिथंच थांबला होता. तू ते समजलास. वाद घातला नाहीस. एवढंच म्हणालास, "तुह्या कामातली वायली, माह्या कामातली वायली." आणि दोन्ही अशा वेगळ्या करून चहा प्यायलास.

पुढचं वर्ष निलेशचं. तुझ्या मुलानं पुण्याहून नकाशाच आणला होता. बरड जेसीबीनं सपाट करायचं, वरून तलावातला गाळ टाकायचा, लिंबाची बाग लावायची. मला पटलं. खरं सांगू? मला 'बरड, बरड' ऐकून कंटाळा आला होता. आपण दोघंही साठीकडे चाललो होतो. त्या जमिनीचं काहीतरी झालेलं मला डोळ्यांनी बघायचं होतं. तू एकटाच नको म्हणत होतास. "जेसीबी वरची वीतभरच उलथवन ना? पण त्याच वीतभरात तं सारं हाय."

मग अट मी घातली. तू नाही घातलीस, हे मला नीट आठवतं. मी म्हटलं, मुळं घेऊन ये, मी बघते. त्यांच्यात बुरशी दिसली तर जेसीबी नाही. नाही दिसली, तर तू निलेशच्या आड यायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तू लॅबच्या दारात उभा. स्टीलचा डबा, आत ओलं फडकं, फडक्यात बोरीची, हिवराची आणि कुसळी गवताची मुळं. ओळखू यावीत म्हणून तीन रंगांच्या वायरचे तुकडे बांधलेले, लाल, पिवळा, निळा. मी डबा घेतला आणि तुला बस म्हणायचीही विसरले.

नखाला बुरशी लागली, की आम्ही नखाची खरवड पोटॅशच्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवतो. मी मुळंही तेवढाच वेळ ठेवली. काचेवर घेतली, दाबली, पाहिली. सगळं तपकिरी, गढूळ. काही दिसेना. मी तुला फोन केला. "काही नाही."

"नीट पायलं ना?"

"चोवीस वर्षं हेच करते आहे मी."

"मंग नाई." तू म्हणालास. "एकदा अजून पायतं का व कुंदे? फुरसतीनं?"

मी म्हटलं, माझ्यासमोर नमुन्यांची रांग लागली आहे, फुरसत मिळाली तर बघते. उरलेली मुळं स्पिरिटच्या बाटलीत टाकून घरी नेली आणि कपाटात ठेवून दिली. तू पुन्हा विचारलं नाहीस. एकदाही नाही.

मे महिन्यात जेसीबी आला. तू एवढंच मागितलंस, की अर्धं करा, धुऱ्याकडचं अर्धं राहू द्या. निलेश कबूल झाला. मी सावलीत उभी राहून लिंबांच्या ओळी कुठून कुठे येतील ते त्याला हातानं दाखवत होते. तू उन्हात उभा होतास. यंत्राच्या दातांमधून मुळं लोंबत होती, ती तू बघत होतास. ऑपरेटर जेवायला थांबला तर तू त्याला तुझ्या डब्यातली भाकर दिलीस, त्याच्या गावाकडच्या पावसाची चौकशी केलीस. तू माझ्यावर ओरडला असतास तर मला सोपं गेलं असतं. तू ओरडायला हवं होतंस, दादा. आपण लहानपणी एका पतंगावरून आठ आठ दिवस अबोला धरायचो, आणि इथं तू एका शब्दावर जमीन सोडून दिलीस, कारण तो शब्द तुझ्या बहिणीनं लॅबमधून उच्चारला होता.

लिंबं लावायलाही तूच पुढे होतास. निलेशची रोपं, तुझी रोपं असा भेद तू केला नाहीस. तुझ्या अर्ध्यात तू बोरी, सीताफळं, आवळे लावलेस. प्रत्येक खड्ड्यात धुऱ्यावरच्या जुन्या बोरीखालची दोन मुठी माती टाकायचास, बारीक मुळांसकट. मी विचारलं, हे कशाला? तू म्हणालास, "विरजण हाय थे." मी मान हलवली. मनात म्हटलं, काही नाहीच त्या मातीत, मी बघितलंय.

तुझी सगळी झाडं जगली असं मी म्हणणार नाही. तू गेलास म्हणून खोटं लिहायचं नाही. काही बकऱ्यांनी खाल्ली, काहींची मुळं उधईनं पोखरली. पण जी राहिली ती फेब्रुवारीतही ताजी होती, तेही पाण्याशिवाय. लिंबं मात्र दिवाळीपासूनच अडली. पानं शिरांच्या मधून पिवळी पडली, नवी फूट येईना. पाणी होतं, खत होतं, गाळाची काळी माती होती. निलेश फोनवर म्हणायचा, एखादं वर्ष लागतं. मीही तेच म्हणायची. वहिनी सांगतात, तू रोज त्या लिंबांपाशी जाऊन उभा राहायचास. मला कधी बोलला नाहीस त्याबद्दल. काऊन? या एका गोष्टीवरून मी तुझ्याशी रोज भांडते आहे.

मार्चमध्ये आमच्याकडे एक म्हातारे शेतकरी आले. पायाच्या अंगठ्याचं नख इतकं जाड, की पोटॅशमध्ये वीस मिनिटांनी त्याला काहीच झालं नाही. मी ते दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच ठेवलं, तेव्हा कुठं ते मऊ झालं आणि आतलं दिसलं. भिंगावरून डोळा काढला आणि कपाटातली बाटली आठवली. नखाला एवढा वेळ लागतो, तर बोरीच्या मुळाला वीस मिनिटांत काय होणार होतं? मी तुझी मुळं कच्चीच बघितली होती.

ओळखीच्या एक वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका आहेत, त्यांना विचारलं. त्या सहज म्हणाल्या, अहो, मुळं तासभर उकळावी लागतात, मग रंग द्यायचा. रंग नसेल तर व्हिनेगरमध्ये फाउंटन पेनची शाई घाला. इतकं साधं होतं. हे तेव्हाच एका फोनवर विचारता आलं असतं.

रविवारी कपाटातली बाटली काढली. लॅबला सुट्टी होती, डॉक्टरांची परवानगी घेऊन किल्ली आणली होती. लाल वायर बांधलेली बोरीची मुळं तासभर गरम पोटॅशमध्ये ठेवली, धुतली, शाई-व्हिनेगरमध्ये उकळली, पुन्हा धुतली. काचेवर घेतली.

दादा, सगळं मूळ भरलेलं होतं. पेशीपेशींमधून निळे तंतू गेलेले. मध्ये गोल, फुगीर पिशव्या. आणि भिंग मोठं केलं तर एकेका पेशीच्या आत एकेक झुडूप, खोड, फांद्या, फांद्यांना फांद्या, इतकं बारीक की श्वास रोखून बघावं लागत होतं. माझा हात सवयीनं लाल पेनाकडे गेला. चोवीस वर्षं शरीराच्या आत बुरशी दिसली, की तो तिकडेच जातो. आणि मी हात मागे घेतला, कारण ते मूळ आजारी नव्हतं. ते मजेत होतं. तिथं कुणी कुणाला खात नव्हतं. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी तुझ्यापासून लपवणार नाही. ते महिने संपल्यापासून बुरशीकडे बघून मला पहिल्यांदा बरं वाटलं. हे तू दिलंस मला. आणि लगेच दुसऱ्या क्षणी जेसीबीचे दात आठवले.

मोबाइलवर फोटो काढला. त्याच वेळी तुला पाठवायचा, एवढंच काम होतं. नाही पाठवला. फोटोखाली काय लिहायचं? 'बुरशी आहे, माझी चूक झाली, अर्धं वावर माझ्यामुळे गेलं'? मी ठरवलं, प्रत्यक्ष जाऊन सांगू, पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी हिंगणघाटला लग्न निघालं. लग्नाला गेले. तिथं दिवसभर तो फोटो उघडून बघत होते, आणि तू फक्त तासाभराच्या अंतरावर होतास.

मंगळवारी तुझाच फोन आला. सीताफळाला नवी फूट आल्याचं सांगत होतास. मी नुसतं हं हं करत होते. तू म्हणालास, "काऊन व, आवाज असा काऊन येऊन राह्यला तुहा?" मी म्हटलं, सर्दी आहे. "हळदीचं दूध घेजो," म्हणालास आणि फोन ठेवलास. गुरुवारी सकाळी अंगणात बादली भरता भरता तू खाली बसलास, तो पुन्हा उठलाच नाहीस. निलेश पुण्याहून येईपर्यंत आम्ही तुझ्याजवळ बसून होतो. मी तुझ्या कानाशी दोनदा वाकले. दोन्ही वेळा कुणीतरी आत आलं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी वहिनींना सगळं सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या. ऐकून घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे मले काऊन सांगून राह्यल्या, बाई? हे त्यायले सांगायचं होतं." त्या उठून आत गेल्या. तीन दिवस त्यांनी माझा फोन उचलला नाही.

तेवढ्यात निलेशचा फोन आला. उरलेलं अर्धंही या उन्हाळ्यात करून टाकू म्हणाला, जेसीबीवाल्याशी बोलणं झालं आहे, आत्या, तुझी हरकत नाही ना? बाबा नाहीत, आता तिकडे कोण जाणार, सगळी एकच बाग असली तर माणूस ठेवता येईल. त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. बाप गेलेल्या पोराला मी काय सांगणार होते? मी म्हटलं, दोन दिवस दे. आणि फोन ठेवून घरभर फिरत राहिले. मी नाही म्हटलं असतं, तर ती पुन्हा एकदा माझ्याच शब्दाची गोष्ट झाली असती, आणि माझ्या शब्दाचं काय होतं ते आपण बघितलं होतं.

काल दुपारी लॅब बंद करायच्या वेळेला वहिनी आल्या. ऑटोनं, एकट्या. पिशवीत दोन पुड्या. एकीत लिंबाची मुळं, दुसरीत तुझ्या अर्ध्यातल्या बोरीची. स्वतः खणून आणली होती, नखांत माती होती. म्हणाल्या, "आता माह्यासमोर पाहा."

मी पोटॅश गरम करायला ठेवलं. तासभर लागेल म्हटलं. त्या स्टुलावर बसल्या. आम्ही दोघी तासभर बसलो, दादा. तू गेल्यापासून मी पहिल्यांदाच तासभर एका जागी बसले. मध्ये त्यांनी एकदा विचारलं, दुखते काय मुळाले? मी म्हटलं, तोडल्यावर नाही.

आधी बोरीचं मूळ लावलं आणि खुर्ची सोडली. वहिनींनी चष्मा काढून भिंगाला डोळा लावला. खूप वेळ त्या हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे झुडपासारखं?" मी हो म्हटलं. तेच. मग लिंबाचं लावलं. मी आधी तीन काचा पाहिल्या होत्या. लांबच लांब कोरं मूळ, मध्येच एखादा निळा तंतू, पुन्हा कोरं. त्यांनी ते बराच वेळ सरकवत सरकवत पाहिलं, एक तंतू सापडला तिथं थांबल्या. "हे मेलं नाई ना?"

"नाही. थोडं आहे. फार थोडं."

त्या खुर्चीवरून उठल्या, पदरानं डोळा पुसला, आणि तिथंच उभ्या राहून निलेशला फोन लावला. जेसीबीवाल्याला नाही म्हणून सांग, म्हणाल्या. तिकडून तो काहीतरी समजावत होता. त्यांनी ऐकून घेतलं, जसं माझं ऐकून घेतलं होतं. मग म्हणाल्या, "तुह्या बापानं काय लावलं थे मी आत्ता माह्या डोळ्यानं पायलं. तू येजो, तुलेही दाखवीन. मंग बोलू." आणि फोन बंद केला. मला त्यांनी माफ केलं का, माहीत नाही. चहा अर्धाच प्यायल्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, उद्या सकाळी वावरात या, घमेलं मी आणते.

आज सकाळी गेले होते. धुऱ्यावरच्या बोरीखालची माती, बारीक मुळांसकट, थोडी थोडी काढली, खोल नाही, एका जागची जास्त नाही. वहिनी खणत होत्या, मी वाहत होते. बारा लिंबं झाली. लिंबाच्या बुडाशी आळं उकरायचं, दोन मुठी टाकायच्या, झाकायचं. उरलेली पावसाच्या आधी होतील. लागेल की नाही लागेल, मला सांगता येत नाही. पाऊस पडून गेल्यावर मुळं काढून बघेन, तासभर उकळून. नसेल तर नाही म्हणेन, असेल तर त्याच दिवशी सांगेन, ज्याला सांगायचं त्याला.

एक गोष्ट मात्र मी तुझ्या मनाविरुद्ध करणार आहे. पहिली दिवाळी गेली, की झाडाला पाणी द्यायचं नाही, त्याला आपलं आपण शोधू द्यायचं, असा तुझा हट्ट होता. तुझ्या बोरींना मी नाही देणार. लिंबांना देणार, रोज, मे महिनाभर. तू असतास तर म्हणाला असतास, लाड करून राह्यली तू त्याईचे. करते लाड. माझ्या चुकीनं तिथं आलेली झाडं आहेत ती. मी त्यांना मरू देणार नाही.